दहा किलोची थैली

मंगळवारी बोर्ड बसतो,
मी खोली नंबर सातचं कुलूप काढते.
एक टेबल, दोन खुर्च्या, मुठीचा जोर मोजायचं यंत्र,
त्याचा काटा चाळिसाच्या पुढे जरा अडखळतो.
भिंतीपाशी तीन थैल्या, रेती भरून शिवलेल्या,
वर लाल रंगानं आकडे: पाच, दहा, वीस.
समुद्रपूर तालुक्यातली कामावर मोडलेली माणसं
या तीन आकड्यांतून जातात.

जास्त उचललं तर विमा कमी.
कमी उचललं तर डॉक्टर चष्म्यावरून बघतात.
म्हणून मूठ तीनदा दाबायला लावायची.
खरी कमजोरी तिन्ही वेळा सारखी येते म्हणे,
खोटी दर वेळी वेगळी.
नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला हे शिकवलं,
चहा कुठे मिळतो त्याच्याही आधी.

आज उद्धव झाडे. जिनिंगवरचा हमाल, वय एक्कावन्न.
ट्रकवर चढवताना रुईची गाठ सुटली,
कमरेचा मणका, उजवा खांदा.
बायको बाहेर बाकावर. दाराच्या फटीतून म्हणाली,
"बाई, आठ दिवसापासून सराव करून रायले.
वकिलानं सांगतलं, हात थरथरला पायजे.
यायले थरथरताच येत नाही.
रातच्यानं मी हासली, मंग रडली."

मूठ.
अठरा. अठरा. अठरा.
डॉक्टरांनी मान हलवली, लिहिलं.

पाचची थैली उचलली, ठेवली.
दहाची गुडघ्यापर्यंत आणली,
ओठ दाताखाली, कानामागून घाम,
कमरेपर्यंत आणली आणि थांबला.
"दुखतंय?"
"दुखते तं हाये जी. पन हे दहा नोहे."
"म्हणजे?"
"साडेआठ असन. थोडंसं वर."

डॉक्टर हसले.
कंपनीच्या माणसानं मोबाइलमधून मान वर केली.
"तीस वर्षं झाले साहेब. काट्याआंधी माही पाठ सांगे,
मालक काटा मंग पाहे."

रुग्णांचा तांदूळ मोजायचा काटा
मी स्वयंपाकघरातून आणला.
त्याच्या हातातली थैली राहू दिली, म्हटलं,
वर धरा तशीच, मी खालून काटा लावते.
आठ किलो सहाशे.

पंखा तेवढा बोलत होता.
रेती कोपऱ्याच्या शिवणीतून जाते. मला माहीत होतं,
म्हणजे माहीत नव्हतं,
पण रोज संध्याकाळी चिमूटभर रेती
मीच झाडते, सुपलीत घेते, मागे कडुलिंबाखाली टाकते.
सहा वर्षं.
तेलघाण्यावरची ती, जिचं मनगट वाकडं जुळलं होतं.
वीटभट्टीवरचा कुंभरे,
दहा उचलल्यावर तो माझ्याकडे बघून हसला होता,
शाळेत शाबासकी मिळाल्यासारखा.
त्याला किती टक्के मिळाले, मी विचारलं नव्हतं.

"आता लिहायचं काय?" डॉक्टर म्हणाले.
अर्जात रकाने तीनच. साडेआठाला रकाना नाही.
"दहावर टिक करा," कंपनीचा माणूस म्हणाला,
"जवळचा आकडा तोच."

उद्धव झाडे तसाच उभा. थैली पुन्हा हातातच.
ठेवा, असं कोणी म्हटलंच नव्हतं.

"ठेवा हो," मी म्हटलं.
त्याला वाकता येईना.
मग मीही एक कान धरला, दोघांनी मिळून खाली टेकवली.
आठ की दहा, मला काही कळलं नाही.
जड होती.

पुढच्या मंगळवारची तारीख देऊन त्यांना पाठवलं.
दोघं फाटकापर्यंत हळू गेली,
पिशवी तिच्या हातात, फाईल त्याच्या.

संध्याकाळी झाडू बाजूला ठेवून कडुलिंबाखाली गेले.
दीड किलो रेती
सहा वर्षांत मातीत दिसत नाही.
एक कुत्री तिथं मुटकुळं करून झोपली होती.
हाड म्हटलं.
उठली नाही.